तार आलेलं पाणी

सानिका पुकळेने पोकळ टोचा निवडुंगाच्या खांबात घुसवला, तोटी फिरवली आणि हंडा खाली धरला. पाणी आलं ते काळं आलं. त्याला कुजलेल्या कांद्यासारखा वास होता. तिने तोटी झटकन बंद केली. बारा वर्षांत तिने किती हजार वेळा खांब टोचले असतील, पण असं पाणी तिने पाहिलं नव्हतं.

ती पुढच्या खांबाकडे गेली. तिथेही काळं. तिसऱ्याला टोचायची गरजच पडली नाही, सालीवरूनच एक काळा ओघळ जमिनीपर्यंत आला होता आणि त्यावर बारीक करड्या पतंगांचा थवा बसला होता.

माणदेशातल्या कोरेवाडीत विहिरी आणि बोअर कायमच्या आटल्या त्याला चौदा वर्षं झाली होती. पाऊस वर्षातून पाचसहा दिवस यायचा, तासाभरात धो धो पडून वाहून जायचा. गावं उठायच्या बेताला आली, तेव्हा संशोधन केंद्राच्या लोकांनी हे खांब आणून लावले. बांधावरचा फड्या निवडुंग सगळ्यांच्या ओळखीचा. हा त्याचाच लांबचा भाऊ, पण झाडासारखा वाढणारा. मूळचा मेक्सिकोच्या वाळवंटातला. एक जाड सरळ बुंधा, दीड पुरुष उंचीवर त्याला फुटलेले आणि पुन्हा आभाळाकडे वळलेले हात. लांबून पाहिलं तर देवळापुढची दीपमाळच. पान एकही नाही. पानांचं काम हिरवी साल करते, आणि सालीवर मेणाचा थर असल्यामुळे पाणी उडून जात नाही. इतर झाडं दिवसा श्वास घेतात आणि त्यात त्यांचं पाणी वाया जातं. हे झाड दिवसभर सालीची छिद्रं मिटून घेतं, ऊन उतरल्यावर उघडतं, तेव्हा घेतलेली हवा आंबट रस करून साठवतं आणि दुसऱ्या दिवशी मिटल्या छिद्रांनी त्यावर आपलं अन्न शिजवतं.

बुंध्याला वरपासून खालपर्यंत उभ्या घड्या असतात, पेटीच्या भात्यासारख्या. घडीच्या धारेवर बोटाबोटाच्या अंतराने लोकरीसारखी मऊ गादी आणि प्रत्येक गादीतून काट्यांचा झुबका. मुळं गुडघाभरच खोल जातात, पण चहूकडे पसरतात. पाऊस पडला की ती दोन दिवसांत पिऊन घेतात, भाता उघडतो आणि खांब फुगतो. मग वर्षभर तो आतलं पाणी पुरवून वापरतो. मूळ झाड वर्षाला वीतभरही वाढत नाही आणि त्याचा गर कडू, पोटाला न सोसणारा. केंद्राने त्याची वाढ वर्षाला पुरुषभर केली आणि कडवटपणा काढून टाकला. आता एक खांब आठवड्याला एक हंडा गोडं पाणी द्यायचा. टोचलेली जागा चार दिवसांत बुचासारख्या सालीने बुजायची. पुढच्या खेपेला नवी जागा टोचायची.

हे काम सानिकाचं. कोरेवाडीतले रोज त्या त्या वाराचे चाळीस खांब आणि वर टेकाडवस्तीतले वीस. लोक तिला टोचेवाली म्हणत.

त्या मंगळवारी सकाळी तिने मंगळवारचे चाळीसच्या चाळीस खांब पाहिले. एकोणचाळीस गेले होते. मधलाच एक, अमोलतात्या शिंगाड्यांच्या दारातला, ताठ उभा होता. टोचला तर पाणी स्वच्छ. सानिका त्याच्यापुढे किती वेळ उभी राहिली तिलाच कळलं नाही. शेवटी तिने केंद्राला फोन लावला.

डॉक्टर अबोली नाईकनवरे दहाच्या सुमाराला पोचली. तिशीतली, उन्हाने रापलेली, बोलायला सरळ. तिने एका खांबाची साल कापली, आत हात घातला आणि कोपरापर्यंत काळा झालेला हात बाहेर काढला. आतल्या लाकडाच्या सळ्या तेवढ्या शिल्लक होत्या.

"ही कूज आहे," ती म्हणाली. "डोळ्यांना न दिसणारे जंतू गराच्या पेशी धरून ठेवणारा डिंकच विरघळवतात. मग आतल्या आत सगळ्याचं पाणी होतं. पंधरा दिवसांत सहा टनांचा खांब कोसळतो."

जमलेल्या बायांपैकी एकीने विचारलं, "औषध न्हाय का काय?"

"नाही. रानातल्या निवडुंगात शंभरातली दहा झाडं मरतात, बाकीची तगतात, कारण प्रत्येकाचा पिंड वेगळा. आपण काय केलं, एका चांगल्या झाडाचे तुकडे लावत गेलो. इथले दोनशे ऐंशी, टेकाडवस्तीचे एकशेचाळीस, पूर्वेच्या उतारावरचे बावीस हजार, हे सगळं एकच झाड आहे. म्हणून तर याला एवढी फुलं येतात, वटवाघळं येऊन जातात, पण फळ धरत नाही. आपलेच परागकण हे झाड घेत नाही. एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारणार."

उतारावरच्या बावीस हजार खांबांवर अकरा गावं पाणी पीत होती. 

"हे पतंग कुजलेल्या गरात अंडी घालतात आणि पायांवर कूज घेऊन पुढच्या खांबावर बसतात," अबोलीने पुढे सांगितलं. "सालीवर ओघळ आला की पतंग आलेच. म्हणून रोगी खांबाभोवती पन्नास पावलांतला प्रत्येक खांब लगेच तोडून, चुना टाकून पुरायचा. चांगला दिसला तरी. टेकाडवस्ती तीन किलोमीटर लांब आहे, उतार त्याच्याही पलीकडे. तिथवर पोचलेलं नसावं." मग ती तात्यांच्या खांबाकडे बघून स्वतःशीच म्हणाली, "पण हा मधला कसा वाचला?"

सानिकाला ते माहीत होतं. त्या खांबापुढे उभी असतानाच तिला कळून चुकलं होतं.

बरोबर दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारीच, ती पहिल्याच खांबाशी असताना टेकाडवस्तीवरून तिची थोरली बहीण वैष्णवी, म्हणजे आक्का, हिचा फोन आला होता. वैष्णवीच्या लेकीला, अन्वीला, कळा सुरू झाल्या होत्या. दहिवडीहून निघालेली दवाखान्याची गाडी घाटात बंद पडली होती. घरात पाणी नव्हतं. "सानिके, जशी असशील तशी ये," आक्का म्हणाली होती. नियम असा होता की प्रत्येक खांबानंतर टोचा बर्नरच्या ज्योतीत लाल होईपर्यंत धरायचा आणि निवू द्यायचा. एका खांबाला चार मिनिटं जायची. सानिकाने त्या दिवशी तो पदराला पुसला. पुढचे अडतीस खांब तिने तासात उरकले. तात्या लेकाकडे गेले होते, फाटकाला कुलूप होतं, म्हणून तो एक खांब सुटला. मग ती धावत टेकाडवस्तीत गेली आणि त्याच टोच्याने तिथले वीस खांब टोचले. त्या पाण्याने तिने बाळाला पहिली अंघोळ घातली होती.

त्या पहिल्या खांबात ती कूज आधीपासून असणार. बाकीच्यांत ती सानिकाच्या हाताने गेली होती.

दुपारी बाकीचे कुऱ्हाडी गोळा करत असताना ती टेकाडवस्तीत गेली. एकोणीस घरांची वस्ती, खडकावर. इथले खांब कोरेवाडीपेक्षा बारीक, पाणी कमी. आक्काच्या घरामागचा खांब तिने टोचला. पाणी स्वच्छ आलं. आक्का शेजारीच उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"बघ. आरशावानी हाय. उगं घाबरवू नकोस."

सानिकाने दोन थेंब अंगठा आणि तर्जनीत घेतले आणि बोटं हळूच लांब केली. मधे एक बारीक तार आली. पाकाला येते तशी. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तार आली, जरा लांब झाली आणि तुटली.

"काय झालं?"

"आतला गर विरघळायला लागलाय, आक्का. बारीक खांब हायेत म्हणून हळू चाललंय. दोनचार दिवसांत काळं येईल."

तिने सगळं सांगितलं. फोन, पदराला पुसलेला टोचा, तात्यांचा सुटलेला खांब. आक्का ऐकत होती. आत अन्वी बाळाला थोपटत काहीतरी गुणगुणत होती.

"हे त्या बाईला सांगितलंस?"

"न्हाय अजून."

"सांगितलंस तर काय करतील?"

"त्या वीस खांबांभवती पन्नास पावलं धरली की वस्तीत एकबी उरत न्हाय."

"आन आमी?"

"दहिवडीच्या छावणीत. टँकरच्या पाण्यावर."

आक्काने तिचा दंड धरला.  "पंधरा दिसाची पोर हाय, सानिके. अन्वीचं अंग अजून भरलेलं न्हाय. छावणीत काय असतंय तुला ठावं हाय. मागल्या साली तिथनं किती पोरं परत आली, सांग मला."

"खालच्या उतारावर गेलं तर अकरा गावं..."

"अकरा गावांनी माज्या पोरीला पाणी पाजलं न्हाय. तू पाजलंस." तिने आवाज खाली आणला. "तुला एकटीला ठावं हाय हे. तुजा टोचा कुणी बघितला न्हाय. कदाचित त्या तारेचं काय व्हणारबी न्हाय. गप ऱ्हा. माजी आन हाय तुला."

 टोचलेल्या जागेवर सानिकाने ओली माती लिंपली, जणू तेवढ्याने काही होणार होतं, आणि खाली उतरली.

बुधवार तोडणीत गेला. खांब पाडणं हे झाड तोडण्यासारखं नव्हतं. करवत गरात शिरली की पाणी उडायचं, आणि ते पिण्याचं पाणी होतं हे प्रत्येकाला माहीत होतं. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या, पण अबोली कोणाला भरू देत नव्हती. मुलं रडत होती. दुपारी माणसं तात्यांच्या फाटकाशी आली. सत्तरीचे अमोलतात्या खांबाला पाठ लावून बसले होते. काटे त्यांच्या सदऱ्यातून आत गेले होते आणि पाठीवर रक्ताचे ठिपके उमटले होते.

"ह्याला काय झालंय?" त्यांनी सानिकाला विचारलं. दुसऱ्या कोणाला नाही, तिलाच. "तूच टोचतीस ह्याला. सांग की, ह्याला काय झालंय?"

"काय न्हाय झालं, तात्या."

"मग?"

 दोघांनी तात्यांना काखेत धरून उठवलं. खांब पडला तेव्हा त्याच्यातून निघालेलं पाणी अंगणभर पसरलं आणि पाहता पाहता जमिनीत जिरलं. तात्या त्या ओल्या मातीत बसून राहिले. मूठभर माती उचलून त्यांनी ओठांना लावली.

सानिका घरी आली ती जेवली नाही. गुरुवारी उजाडताच ती शाळेत गेली. तिथे अबोलीने मुक्काम टाकला होता. अबोली नकाशा पसरून चहा पीत होती.

"मॅडम, टेकाडवस्तीबी गेली."

सानिकाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अबोलीने कप खाली ठेवला. ती रागावली नाही, आणि ते सानिकाला जास्त जड गेलं.

"म्हणून तो मधला वाचला," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि हे तुमच्या केव्हा लक्षात आलं?"

सानिकाला दंडावर आक्काची बोटं जाणवली.

"आज," ती म्हणाली. "सकाळी उठले आन एकदम डोक्यात आलं."

अबोलीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि नकाशा गुंडाळला.

दोघी टेकाडवस्तीत पोचल्या तेव्हा आक्काच्या घरामागचा खांब अजून हिरवागार होता. पण वस्तीच्या टोकाला, खडकाच्या आडोशाला, जिथे टोचायला जाणारी सानिका सोडून सहसा कोणी जात नाही, तिथले दोन खांब फुटले होते. ओघळ वाळून त्यावर पापुद्रा धरला होता. पतंग एकही नव्हता. खाली अर्ध्या किलोमीटरवर पूर्वेचा उतार दिसत होता, ओळीने उभे बावीस हजार हिरवे खांब.

"उडून गेलेत," अबोली म्हणाली. "काल. फार तर परवा."

दुपारी माल वाहणारा एक ट्रक आला. एकोणीस घरांनी भांडी, अंथरुणं, शेरडं त्यात चढवली. अन्वी बाळाला पोटाशी घेऊन केबिनमध्ये बसली. तिने सानिकाकडे बघून हात हलवला, तिला काहीच माहीत नव्हतं. आक्का शेवटी चढली. सानिका हंडा वर द्यायला पुढे झाली, तर आक्काने तिच्या हातातून तो घेतला, डोक्यावरचा पदर ओढला आणि तोंड पलीकडे फिरवलं. ट्रक वळणाआड जाईपर्यंत ती तशीच होती. मग सानिकाने करवत उचलली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण आक्काच्या घरामागचा खांब तिने स्वतः पाडला.

उतारावर काळं दिसायला चौथ्या दिवशी सुरुवात झाली. वरच्या कडेला आधी एक, मग सहा, मग मोजता येईनात. अकरा गावांची माणसं करवती, कोयते, पहारी घेऊन उतारावर उतरली. कूज खालच्या अंगाला सरकायची, ते तिच्या पुढे जाऊन चांगले खांब पाडून मोकळा पट्टा करायचे, आणि पतंग तो पट्टा ओलांडायचे. ओलांडला की पुन्हा नवा पट्टा. सानिका रोज पुढे जाऊन टोचायची, प्रत्येक वेळी टोचा लाल करून, आणि बोटांत पाणी धरून तार पाहायची. खडूने फुली मारली की मागून येणारे तो पाडायचे. तिची बोटं सोलून निघाली. तिला कोणी शिव्या दिल्या नाहीत. टोच्याची गोष्ट आता सगळ्यांना कळली होती, पण तार ओळखणारं दुसरं माणूस नव्हतं. लोक तिच्याशी कामापुरतं बोलायचे आणि तिने केलेल्या फुलीकडे बघायचे.

बाविसाव्या दिवशी थेट मधल्या ओढ्यापर्यंत मोकळं रान झालं आणि पलीकडच्या खांबांत तार मिळेनाशी झाली. आठ हजार पाचशे खांब उरले होते. अकरांपैकी चार गावांपुरतं पाणी. बाकी सात गावांचे ट्रक रोज दहिवडीच्या रस्त्याला लागत होते. कोरेवाडीचा ट्रकही त्यांच्याबरोबर गेला, तिथे एकही खांब उरला नव्हता.

शेवटच्या दिवशी ओढ्याच्या काठावर बसून अबोली वहीत काहीतरी मांडत होती. "पतंग बुधवारी उडाले असणार," ती म्हणाली. "मंगळवारी कळलं असतं, तर त्याच दिवशी टेकाडवस्ती साफ करता आली असती. उताराला धक्कासुद्धा लागला नसता." ती ते कोणाला लावून बोलली नव्हती. तिने वही मिटली आणि चष्मा पुसला. "पण तुम्हाला तरी ते गुरुवारीच सुचलं ना. सुचलं तेव्हा लगेच आलात."

सानिकाने टोचा बर्नरच्या ज्योतीत धरला आणि तो लाल होताना पाहत राहिली.

उरलेल्या खांबांत तार पाहायला सानिका उतारावरच राहिली. महिन्याभराने ती छावणीत गेली. पूर्वी तिथे जनावरांची छावणी लागायची, गव्हाणी अजून तशाच होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये साड्यांचे आडोसे करून घरं मांडली होती. आक्का एका आडोशाशी तांदूळ निवडत बसली होती. अन्वी आत झोपली होती, बाळ तिच्या कुशीत. बाळ बारीक झालं होतं, पण होतं. सानिकाने ते आधी पाहिलं आणि मग खाली बसली.

आक्काने मान वर केली नाही. ती सूप पाखडत राहिली.

"राग आला असंल," सानिका शेवटी म्हणाली. "आन घातली व्हतीस, तरी मी सांगितलं."

"त्याचा न्हाय राग." आक्काने एक खडा उचलून बाजूला टाकला. "सांगायचंच व्हतं ते. तात्याचं ऐकलं मी, ते बघितल्यावर कुणीबी सांगितलं असतं. मलाबी ते कळतंय."

"मग?"

"तू आधी माज्याकडं का आलीस?"

सानिकाने सुपातला एक खडा उचलला.

"मंगळवारी तुला कळलं व्हतं. तू सरळ त्या बाईकडं जायाचं व्हतंस. मी रडले असते, तुला शिव्या घातल्या असत्या, पोर घेऊन इथंच आले असते. पण तू मला इचारायला आलीस. नवी बाळंतीण घरात असताना तू मला इचारलंस. आन मी जे म्हणायचं ते म्हणाले." आक्काचे हात सुपात थांबले. "रोज इथं नव्या गावाचा ट्रक येतोय, सानिके. बाया उतरतात, पोरं कडंवर. मी त्यांच्या तोंडाकडं बघत न्हाय. त्यांना वाटतंय तुज्या टोच्यानं झालं. त्या दोन दिसांचं कुणाला ठावं न्हाय. तुला आन मला. तू माजं नाव घेतलं न्हाईस, ते बी मला कळलंय. घेतलं असतंस तर बरं झालं असतं."

शेडच्या दाराशी ट्रक थांबल्याचा आवाज झाला. माणसं उतरायला लागली, भांड्यांचा खणखणाट झाला. आक्काने सूप खाली ठेवलं. दोघी बहिणी मान खाली घालून बसल्या, आवाज आत येऊन, जागा शोधून, शांत होईपर्यंत.

मग आक्का उठली. कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या पिंपातून तिने तांब्या भरला आणि सानिकापुढे ठेवला.

"पाणी पी आन जा. पाचची गाडी हाय तुजी."

पाणी टँकरचं होतं, औषधाच्या वासाचं. सानिका ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, तिने तांब्या पालथा घातला आणि ती गाडीच्या दिशेने निघाली.